सर्व्हर नंतर, मॉडरेटर आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत संघीय, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून बनलेल्या, समाजमाध्यमांविषयी अलीकडे जो लेख आला, त्याची बडोद्यातील आमच्या दांडिया बाजारातील वाचकमंडळीत बरीच चर्चा झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणच्या मराठी मंडळांनी व्हॉट्सॲपचे गट आणि बड्या कंपन्यांची पाने सोडून मॅस्टोडॉन किंवा लेमी यांसारख्या जाळ्यावर स्वतःचा सर्व्हर (मजकूर साठवून इतरांना दाखविणारा, सतत चालू असणारा संगणक) उभारावा, असे लेखकाने सुचविले आहे. तेथे कोणी मालक नसल्यामुळे कोणाची मनमानीही चालत नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. सूचनेचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध मात्र मंडळांना अडचणीत टाकणारा वाटतो. मी ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो असून सध्या अशाच एका जाळ्यावरील मराठी वाचकांच्या समूहाचे मॉडरेटर, म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणारे, म्हणून काम इतर काही जणांसह पाहतो. त्या कामातून जे दिसले तेवढेच लिहितो.

ज्यांनी हे जाळे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती द्यावी लागेल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीला मान्यता दिली. (त्यानंतर महिन्याभराच्या आतच आमच्या बडोद्यात ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, त्या मांडवात मराठीच्या भवितव्यावर पुष्कळ बोलले गेले, पण या नियमावलीचा उल्लेख माझ्या कानावर तरी आला नाही.) ही नियमावली पाळणारे सर्व्हर निरनिराळ्या लोकांचे असले तरी त्यांच्यावरील खातेदार एकमेकांचे लिखाण वाचू शकतात आणि त्याला उत्तर देऊ शकतात. युजेन रोच्को यांनी जर्मनीत २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे त्यांतले सर्वांत परिचित नाव होय. तेथे माणसे माणसांच्या मागे जातात, म्हणजे एकेकाचे लिखाण नियमितपणे मिळावे म्हणून त्याचे अनुयायी होतात. लेमीची रचना वेगळी आहे. तेथे विषयवार समूह असतात, त्यांना कम्युनिटी म्हणतात, आणि प्रत्येक समूहाचे घर एका ठरावीक सर्व्हरवर असते. दुसऱ्या सर्व्हरवरील कोणी त्याचा सभासद झाला की त्या समूहातील नव्या नोंदींची प्रत त्याच्या सर्व्हरवर येऊ लागते. जुन्या नोंदी सगळ्या येतातच असे नाही.

बड्या कंपन्यांच्या ताब्यातून आपले बोलणे बाहेर काढावे, ही इच्छा रास्त आहे. ऑर्कुटवर मराठी माणसांनी कविता, पाककृती, गावोगावच्या आठवणी यांचे केवढे तरी लिखाण केले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते संकेतस्थळ बंद झाले. डिसेंबर २०२० मध्ये याहू ग्रुप्सचीही तीच गत झाली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील कितीतरी मंडळी मॅस्टोडॉनवर गेली, तीही याच भावनेने. तेव्हा कंपनीच्या मर्जीवर आपली मंडळे अवलंबून राहू नयेत, याबद्दल लेखकाशी माझा वाद नाही.

वाद आहे तो मालक नसण्याबद्दल. संघीय जाळ्याला एक मालक नसतो हे खरे, पण प्रत्येक सर्व्हरला तो चालविणारा ॲडमिन असतो आणि प्रत्येक समूहाला मॉडरेटर असावा लागतो. कंपनीच्या माध्यमावर तक्रार पाहायला पगारी माणसे असतात. ती कशी पाहतात हा निराळा विषय. येथे ती जागा कोणी भरली नाही तर ती रिकामीच राहते, आणि रिकाम्या जागेत काय येऊन बसते याचा अनुभव या जाळ्याने घेतलेला आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅस्टोडॉन आणि त्याच्याशी जोडलेल्या सर्व्हरांवर निरर्थक संदेशांची मोठी लाट आली. ती आणणाऱ्यांनी मोठ्या सर्व्हरांच्या वाटेला जाण्याऐवजी नोंदणी सर्वांना खुली असलेले, पण उभारून ठेवल्यावर कोणी फिरकत नसलेले छोटे सर्व्हर हेरले, तेथे यंत्राने भराभर खाती उघडली आणि तेथून सगळ्या जाळ्यावर मारा केला. ज्यांच्या सर्व्हरवरून हे घडले त्यांतील कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर मॅस्टोडॉनने आपल्या संहितेत (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये) जी सुधारणा केली ती मला फार बोलकी वाटते: सर्व्हरवर आठवडाभर एकही मॉडरेटर आला नाही, तर खुली नोंदणी आपोआप बंद होते आणि प्रत्येक नव्या खात्याला मंजुरी लागते. मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याने गणेशोत्सवात सर्व्हर सुरू करावा आणि दिवाळीनंतर त्याकडे कोणी पाहू नये, हे आपल्याकडे किती सहज घडेल, हे मंडळांच्या बंद पडलेल्या संकेतस्थळांकडे नुसती नजर टाकली तरी कळते.

दुसरे उदाहरण लेमीचे. जून २०२३ मध्ये रेडिट या मोठ्या चर्चास्थळाने बाहेरच्या ॲपांवर लादलेल्या शुल्कावरून वाद झाला आणि तेथील असंख्य लोक लेमीवर आले. त्या धामधुमीत बीहॉ नावाच्या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड आणि आणखी एक मोठा सर्व्हर यांच्याशी असलेला संबंध तोडून टाकला. त्यामागे कोणते वैचारिक भांडण नव्हते. त्या दोन्ही ठिकाणी कोणालाही चौकशीविना खाते मिळत होते आणि तेथून येणारा त्रासदायक मजकूर निपटायला बीहॉकडे पुरेशी माणसे नव्हती. मॉडरेटर अपुरे पडले म्हणून दोन्ही बाजूंच्या सज्जन सभासदांचाही संवाद तुटला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते तो प्रामाणिक होता, कारण पेलवत नाही हे त्यांनी उघडपणे सांगितले. आपली मंडळे तसे सांगतील का, याची मला शंका आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या गॅब या अमेरिकी संकेतस्थळाने २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचीच संहिता उचलून आपला सर्व्हर चालविला. ती संहिता कोणालाही वापरायला मुक्त असल्याने त्यांना अडविण्याचा कोणाला अधिकार नव्हता, तरी अनेक सर्व्हरांनी आपापली दारे त्यांना बंद केली आणि जाळ्याचा मोठा भाग त्यांच्यापासून दूर राहिला. कोणत्याही केंद्रीय हुकमाविना हे घडू शकले, कारण ठिकठिकाणी निर्णय घेणारी माणसे जागी होती.

आता मराठी समूहांविषयी. मॉडरेटरचे काम म्हणजे शिवीगाळ पुसणे अशी सर्वसाधारण समजूत असते. शिवी पुसायला फारशी अक्कल लागत नाही. कठीण असते ते वरून सभ्य दिसणारे लिखाण. 'आपण मूळचे कोणत्या गावचे' येथून सुरू होऊन आडनाव, मग कुलदैवत, मग जात अशी चौकशी चालते आणि तिच्यात एकही आक्षेपार्ह शब्द नसतो. इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या यंत्राला ती चौकशीच वाटणार. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तिचा रोख तिसऱ्या वाक्याला कळतो. तसेच बोलीचे. आमच्या बडोद्याच्या मराठीत गुजरातीचे आणि इंदूरच्या मराठीत हिंदीचे वळण असते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिल्यावर दुसरे काय होणार? पुण्या-मुंबईचा एखादा सभासद प्रत्येक नोंदीखाली शुद्धलेखन तपासू लागला की लिहिणारा गप्प होतो आणि पुन्हा येत नाही. आमच्या समूहात न विचारता दुसऱ्याची भाषा सुधारू नये असा नियमच आहे. त्यावर काही विद्वान सभासद रागावून निघून गेले. त्यांच्या जाण्याचे वाईट वाटले, पण नियम बदलावा असे कोणाला वाटले नाही.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्याला जो पूर आला, त्या वेळी या कामाचे खरे स्वरूप दिसले. विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले होते आणि त्याबरोबर मगरीही आल्या होत्या. मगरी खऱ्याच असल्यामुळे खोट्या मगरीही खऱ्या वाटत होत्या. २०१९ च्या पुराची चित्रे आजची म्हणून येत होती, आजवा जलाशयातून आणखी पाणी सोडल्याच्या बातम्या वेळ न लिहिता फिरत होत्या, आणि परदेशी असलेली मुले आईवडिलांच्या काळजीने तीच पुन्हा पुन्हा पुढे पाठवीत होती. अशा वेळी सरसकट पुसून टाकणे सोपे असते, पण त्यात एखाद्या गच्चीवर अडकलेल्या कुटुंबाची खरी हाकही पुसली जाण्याचा धोका असतो. आम्ही भागाचे नाव, वेळ आणि माहिती कोठून मिळाली हे तिन्ही लिहिलेली नोंद ठेवायची, बाकीच्या नोंदी कुलूपबंद करून (म्हणजे त्यांखाली उत्तरे लिहिणे थांबवून) लिहिणाऱ्याला निरोप पाठवायचा, आणि मदतीची हाक असेल तर आधी फोन करायचा असे ठरविले. रात्री कोण जागणार याची पाळी लावली. त्यात अमेरिकेत असलेल्या एका सभासदाची फार मदत झाली, कारण आमची रात्र हा त्यांचा दिवस होता. गावाबाहेरचा मॉडरेटर असावा तो याच कारणाने.

संघीय रचनेमुळे येथे एक अडचण अधिक येते. समूहाच्या घरच्या सर्व्हरवर मॉडरेटरने नोंद काढली की ती काढल्याचा आदेश इतर सर्व्हरांकडे जातो. पण एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असेल, किंवा मध्ये संबंध तुटलेला असेल, तर तेथील जुनी प्रत तशीच दिसत राहते. याउलट दुसऱ्या सर्व्हरच्या ॲडमिनने आमची एखादी नोंद काढली तर ती फक्त त्याच्या वाचकांपुरती नाहीशी होते. 'मला ती दिसते, तुम्हाला का दिसत नाही' या प्रश्नावर मॉडरेटरांवर पक्षपाताचे किती आरोप होतात, ते सांगून पटणार नाही. म्हणून लेमीवरील एका सोयीचे मला विशेष महत्त्व वाटते: मॉडरेटरने कोणती नोंद काढली, कोणाला बाहेर ठेवले, काय कारण दिले याची वही सर्वांना उघडी असते. कारणाच्या रकान्यात 'नियमभंग' एवढेच लिहिणारा मॉडरेटर मला आळशी वाटतो; कोणता नियम आणि कोणते वाक्य हे लिहायला अर्धे मिनिट लागते आणि पुढचे आठ दिवसांचे भांडण वाचते. दाद मागण्याची सोयही हवी, आणि ज्याने कारवाई केली त्याच्याऐवजी दुसऱ्या मॉडरेटरने ती दाद ऐकावी.

या सगळ्यावरून माझी सूचना अशी आहे, आणि तिचा आधार आमच्याच शहराच्या इतिहासात आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्यात मध्यवर्ती ग्रंथालय होते, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या. पण गावाला ग्रंथालय वरून आणून दिले जात नसे. गावाने वर्षाला १०० रुपयांपर्यंत आपला वाटा उभा करायचा, म्हणजे तेवढाच वाटा प्रांत पंचायत आणि तेवढाच सरकार देई. आधी गावाची तयारी दिसली पाहिजे, ही त्यातील अट होती. मंडळांनीही हाच क्रम धरावा. प्रत्येक मंडळाने आधी मॉडरेटर द्यावेत, त्यांनी सहा महिने एखाद्या चालू आणि भरवशाच्या सर्व्हरवर समूह चालवून दाखवावा, नियम लिहावेत, तक्रारी हाताळाव्यात, आणि तोवर स्वतःच्या सर्व्हरचे नाव काढू नये. शिवाय बडोद्याचा एक, इंदूरचा एक, ग्वाल्हेरचा एक असे समूह काढण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या सर्व्हरवरूनही सभासद होता येते हेच तर या जाळ्याचे मर्म आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचा एकच समूह असावा आणि त्याचे मॉडरेटर निरनिराळ्या शहरांचे असावेत. पाच शहरांत पाच समूह ओस पडलेले पाहण्यात कोणाचा अभिमान सुखावणार आहे, हे मला कळत नाही.

पुढे सर्व्हर उभारायचाच झाला, तर मॅस्टोडॉनने २०१९ मध्ये आपल्या यादीत येऊ इच्छिणाऱ्या सर्व्हरांसाठी घातलेल्या अटी मंडळांच्या कार्यकारिणीने वाचाव्यात. वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी तसेच समलिंगी व पारलिंगी व्यक्तींचा द्वेष करणाऱ्या मजकुरावर सक्रिय कारवाई, रोजची राखीव प्रत, सर्व्हरच्या किल्ल्या किमान आणखी एका माणसाकडे असणे आणि बंद करायचे असल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना, एवढ्याच त्या आहेत. आपल्या मंडळांत सगळ्या किल्ल्या एकाच हौशी माणसाच्या संगणकात असतात आणि तो परगावी गेला की काम ठप्प होते, म्हणून तिसरी अट मी मोठ्या अक्षरांत छापून लावावी म्हणतो. डोमेनचे नावही, म्हणजे सर्व्हरचा पत्ताही, विचार करून घ्यावे. इंग्रजी शब्द जुळतो म्हणून पत्त्याच्या शेवटी अफगाणिस्तानची '.af' ही अक्षरे घेतलेला एक मॅस्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशाच्या तालिबान सरकारने डोमेनच गोठविल्यामुळे बंद पडला. कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही: इतरांचा मजकूर साठविणारा आणि दाखविणारा हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अर्थाने मध्यस्थ ठरू शकतो, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करायचा असतो. ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर असलेली जादा बंधने मंडळांना लागू होणार नाहीत, पण मूळ जबाबदारी सुटत नाही. एखाद्या वकिलाचा सल्ला आधीच घेतलेला बरा.

वाचक म्हणून या जाळ्यावर जाणाऱ्यांनाही दोन-चार गोष्टी ठाऊक असाव्यात. लेमीवर खात्याच्या सेटिंगमध्ये भाषा निवडाव्या लागतात. तेथे मराठी निवडावी, पण भाषा न नोंदविलेल्या मजकुराची निवडही तशीच ठेवावी, नाहीतर निम्मा समूह दिसत नाही आणि माणूस म्हणतो येथे कोणीच लिहीत नाही. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश सर्व्हरच्या ॲडमिनला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात, म्हणून घरगुती किंवा पैशाचे व्यवहार तेथे बोलू नयेत. लेमीवर आपण कोणत्या नोंदीला अनुकूल किंवा प्रतिकूल मत दिले हेही ॲडमिन पाहू शकतो. खाते एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलविता येते हे मॅस्टोडॉनचे मोठे सुख आहे. त्यात अनुयायी बरोबर येतात, जुने लिखाण मात्र मागे राहते. ज्यांना आपले लिखाण जपायचे आहे त्यांनी त्याची प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी. आणि एखादी नोंद खटकली तर तिच्याखाली वाद घालत बसण्याऐवजी रिपोर्ट करावा. तो समूहाच्या मॉडरेटरांकडे आणि आपल्या सर्व्हरच्या ॲडमिनकडे, दोघांकडेही जातो. त्यात 'वाईट आहे' असे न लिहिता काय वाईट आहे ते एका वाक्यात लिहावे.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाला. बीबीसीने २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रयोगादाखल चालविला. जर्मनीत सरकारी कार्यालयांच्या खात्यांसाठी तेथील माहिती संरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने असाच सर्व्हर सुरू केला. वर्तमानपत्राच्या स्वतःच्या डोमेनवरील खाते असेल तर बातमी खरोखर आपली की कोणी आपल्या नावाने फिरविली, हे पत्त्यावरूनच ओळखता येते. पुराच्या त्या रात्री अशी एक खूण आम्हाला हाताशी असती, तर बरीच फोनाफोनी वाचली असती. आपण असे खाते उघडलेत तर त्याखालील तक्रारी रात्रपाळीत कोण पाहणार, त्याचे पद आणि संपर्काचा क्रमांक कृपया पहिल्याच दिवशी अंकात छापावा. तसेच जी मंडळे आपल्याकडे नव्या समूहाची बातमी पाठवितील, त्यांच्याकडून उद्घाटनाच्या छायाचित्राबरोबर मॉडरेटरांची यादीही मागून घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
दांडिया बाजार, बडोदे
(नाव व पूर्ण पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)